जे पडते त्यापेक्षा जे पडत नाही, त्याची काळजी अधिक

चोपडा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या ताईंनी विचारले आहे की, २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, आपल्या आकाशातून जळत गेलेले जे गोळे साऱ्यांनी पाहिले, तसे काही आपल्या गावावर किंवा केळीच्या बागेत राबणाऱ्या माणसांवर पडू शकते का, आणि पडले तर काय करावे. त्यांच्या वर्गातील मुलांनी पुढचा प्रश्न जोडला आहे : वर असणाऱ्या अंतराळवीरांना या कचऱ्याचा धोका किती? मी मूळचा पारोळा तालुक्यातला. उपग्रहांच्या कक्षांचे गणित करणे आणि टक्करीच्या इशाऱ्यांची छाननी करणे या कामात माझी जवळजवळ तीस वर्षे गेली, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर देतो.

त्या संध्याकाळी मी गावीच होतो. गुढी उतरवून झाली होती, पावणेआठच्या सुमारास गल्लीत एकदम आरडाओरडा झाला आणि शेजारच्या आजोबांनी मला हाक मारून विचारले, "हाई काय शे भाऊ?" पश्चिमेकडून पूर्वेकडे पाच-सहा ठिपके एकमेकांची साथ न सोडता, मागे लांब शेपट्या ओढत, संथपणे चालले होते. तो संथपणाच ओळखीची खूण होती. उल्का क्षणार्धात विझते, कारण ती बहुधा सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाने येते. कक्षेतून उतरणारी मानवनिर्मित वस्तू त्या मानाने सावकाश आणि जवळजवळ आडवी येते, वाटेत तुटत जाते आणि क्षितिजापर्यंत पोहोचायला मिनिटभरही घेते. सातपुड्यापलीकडे बडवानी-खरगोनकडूनही लोकांनी तेच दृश्य पाहिले. नंतर चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे सापडले आणि त्याच परिसरात धातूचे गोळेही मिळाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या 'चांग झेंग ३बी' या चिनी रॉकेटचा तो तिसरा टप्पा, म्हणजे काम संपल्यावर सुटा झालेला वरचा भाग, असावा, असे कक्षांचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासकांनी सांगितले. लाडबोरीत कोणालाही इजा झाली नाही.

आता पहिल्या प्रश्नाचे थेट उत्तर. पडू शकते, पण शक्यता फार लहान आहे, आणि तिचा आकडा मुलांना वर्गातच काढता येईल. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे मिळून सुमारे २५ हजार चौरस किलोमीटर होतात, तर पृथ्वीचा पृष्ठभाग सुमारे ५१ कोटी चौरस किलोमीटर आहे. म्हणजे कुठे पडेल याचा नेम नसलेली एखादी वस्तू खानदेशात पडण्याची शक्यता ढोबळमानाने वीस हजारांत एक. कक्षेच्या कलानुसार आपल्या अक्षांशासाठी हा आकडा थोडा कमी-जास्त होतो, पण हिशेबाचा अंदाज यायला एवढे पुरे. शिवाय खानदेशात पडली तरी ती शेतात, नदीपात्रात किंवा डोंगरात पडण्याचाच संभव अधिक. आता दररोज सरासरी तीनहून अधिक निकामी उपग्रह किंवा रॉकेटचे टप्पे वातावरणात शिरतात. त्यांतील बहुतेक लहान असतात आणि वरच्या वर जळून जातात. मोठ्या वस्तूंचे मात्र साधारण १० ते ४० टक्के वजन जमिनीपर्यंत टिकते. टायटॅनियमच्या टाक्या, पोलादी भाग, इंजिनाचे काही तुकडे हे सहजासहजी वितळत नाहीत.

कक्षेतून पडलेल्या कचऱ्यामुळे माणूस दगावल्याची खात्रीशीर नोंद आजवर नाही. १९९७ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात एका महिलेच्या खांद्याला रॉकेटचा हलका तुकडा लागला, पण तिला इजा झाली नाही. मार्च २०२४ मध्ये फ्लोरिडातील एका घराचे छप्पर भेदून सुमारे ७०० ग्रॅम वजनाचा धातूचा तुकडा आत आला. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून टाकून दिलेल्या जुन्या बॅटऱ्यांच्या सांगाड्याचा तो भाग होता आणि तो पूर्ण जळून जाईल असे गणिताने सांगितले होते. मला हे उदाहरण मुद्दाम द्यावेसे वाटते, कारण 'जळून जाईल' हे आमचे वाक्य किती सावधपणे घ्यायचे ते त्यातून कळते.

मुले विचारतील, की इतके सारे मोजता येते तर कुठे पडेल ते आधी का सांगत नाही? याचे कारण वातावरणाच्या अगदी वरच्या, विरळ थरात आहे. सूर्याची चलबिचल वाढली की तो थर तापतो, फुगतो आणि कक्षेतल्या वस्तूला अधिक घर्षण देतो. त्यात ती वस्तू गडगडत येत असेल तर तिची कोणती बाजू पुढे आहे यावरही घर्षण बदलते. म्हणून अंदाजातील चूक उरलेल्या काळाच्या दहा ते वीस टक्के राहते. पडायला दहा तास उरले असतील तर एक-दोन तासांचा फरक, आणि एका तासात ती वस्तू सुमारे २८ हजार किलोमीटर पुढे गेलेली असते. त्यामुळे सकाळी ज्या यादीत खानदेश असतो त्याच यादीत ब्राझीलही असतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका मोठ्या चिनी टप्प्याच्या परतीच्या वेळी स्पेनने आपल्या हवाई हद्दीचा काही भाग थोडा वेळ बंद ठेवला आणि शेकडो विमानांना उशीर झाला. तो टप्पा अखेर पॅसिफिक महासागरात पडला.

आणि काही पडलेच तर? हात लावू नये, मुलांना दूर ठेवावे, वास घ्यायला वाकू नये. काही टाक्यांत हायड्रॅझिनसारखे विषारी इंधन उरलेले असू शकते. ते त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जाते. काही टाक्यांवर काळ्या तंतूंचे वेष्टन असते, त्याचे कुसळासारखे कण हातात रुततात. पोलीस पाटलांना किंवा तहसील कार्यालयाला कळवावे, जागा जशीच्या तशी ठेवावी आणि फोटो दुरूनच काढावेत. भंगारात विकायला तर नेऊच नये. ज्या देशाने ते सोडले त्या देशाची मालकी आणि नुकसानीची जबाबदारी आंतरराष्ट्रीय करारांनुसार कायम राहते. १९७८ मध्ये अणुभट्टी असलेला 'कॉसमॉस ९५४' हा सोव्हिएत उपग्रह कॅनडाच्या उत्तरेकडील बर्फाळ भागात पडला, तेव्हा सफाईच्या खर्चापोटी कॅनडाने भरपाई मागितली आणि अखेर ३० लाख कॅनडियन डॉलर मिळवले.

ताई, इथपर्यंतचे उत्तर लोकांना हवे असते, आणि बहुतेक वेळा तेवढ्यावरच चर्चा थांबते. पण मी माझ्या कामाची तीस वर्षे पडणाऱ्या वस्तूंच्या चिंतेत घालवलेली नाहीत. जी वस्तू पडली तिचा हिशेब संपला. जी ८०० किंवा १००० किलोमीटर उंचीवर फिरते आहे आणि शतकानुशतके खाली येणार नाही, तिने माझी झोप अनेकदा उडवली आहे.

याचे मूळ वेगात आहे. खालच्या कक्षेत वस्तू सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने फिरते. भुसावळहून मुंबईला आपल्याला रेल्वेने सात-आठ तास लागतात, तेवढे अंतर ती मिनिटभरात कापते. दोन वस्तूंच्या कक्षा एकमेकींना छेदत असतील तर त्यांचा परस्परवेग सरासरी दहा किलोमीटर प्रति सेकंद धरला जातो. वर्गात सरकीचा एक दाणा मुलांच्या तळहातावर ठेवा. त्याचे वजन ग्रॅमच्या दशांशाहूनही थोडे कमी असते. तेवढ्या वजनाचा ॲल्युमिनियमचा कण या वेगाने आदळला तर त्याची ऊर्जा सुमारे चार हजार ज्यूल भरते, म्हणजे युद्धात वापरल्या जाणाऱ्या रायफलच्या गोळीपेक्षाही जास्त. एक ग्रॅमचा तुकडा घेतला तर ५० हजार ज्यूल. शंभर किलोचे ज्वारीचे पोते पन्नास मीटर उंचीवरून खाली सोडले तर जमिनीवर जेवढा दणका बसेल, तेवढा तो आहे, आणि तो सारा एका नखाएवढ्या जागेवर बसतो.

अशा तुकड्यांची संख्या युरोपीय अवकाश संस्थेच्या अंदाजानुसार अशी आहे : एक सेंटिमीटर ते दहा सेंटिमीटर आकाराचे सुमारे १२ लाख, आणि एक मिलिमीटर ते एक सेंटिमीटर आकाराचे १३ कोटींहून अधिक. रडार आणि दुर्बिणींना नियमितपणे दिसतात आणि ज्यांच्या कक्षांची नोंद ठेवली जाते अशा वस्तू मात्र चाळीस हजारांच्या आसपास आहेत, त्यांत चालू उपग्रहही आले. म्हणजे आम्ही ज्यांच्यापासून सावध करू शकतो त्या वस्तू एकूण धोक्याचा अगदी लहान हिस्सा आहेत.

मानवी यानांच्या बाबतीत या आकारांचा अर्थ वेगवेगळा होतो. अगदी बारीक कणांसाठी ढाल आहे. फ्रेड व्हिपल या खगोलशास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात सुचवलेली ती कल्पना फार सुंदर आहे : यानाच्या भिंतीपासून काही अंतरावर बाहेर एक पातळ पत्रा बसवायचा. कण त्या पत्र्यावर आदळताच स्वतःच चुराडा होऊन अर्धवट वितळतो, त्याचा ढग मधल्या रिकाम्या जागेत पसरतो आणि आतल्या भिंतीवर एका बिंदूऐवजी मोठ्या क्षेत्रावर हलका मारा होतो. जाड भिंतीचे वजन न वाढवता मिळालेले हे संरक्षण आहे. अवकाश स्थानकाच्या महत्त्वाच्या भागांवर अशा ढालींत मजबूत कापडाचे थरही घातलेले आहेत, आणि त्या साधारण एक सेंटिमीटरपर्यंतचा कण थोपवू शकतात. दहा सेंटिमीटरपेक्षा मोठी वस्तू दिसते, तेव्हा बाजूला सरकता येते. स्थानकाभोवती सुमारे ५० किलोमीटर लांब-रुंद आणि चार किलोमीटर उंच अशी एक काल्पनिक पेटी मानतात. काही त्या पेटीत येणार असे दिसले आणि टक्करीची शक्यता दहा हजारांत एकापेक्षा जास्त निघाली, तर इंजिने चालवून स्थानकच हलवले जाते.

मधले एक ते दहा सेंटिमीटरचे तुकडे ढालीने अडत नाहीत आणि त्यांतील बहुतेक दिसतही नाहीत. मुलांनी विचारलेल्या धोक्याचे माझे उत्तर या मधल्या आकारात आहे.

लहान कणांच्या खुणा तर सतत मिळतात. १९८३ मध्ये 'चॅलेंजर' यानाच्या खिडकीवर रंगाच्या पापुद्र्याने खड्डा पाडला. २०२१ मध्ये अवकाश स्थानकाच्या यांत्रिक हाताला छिद्र पडलेले आढळले. २००७ मध्ये स्थानकाबाहेर काम करणाऱ्या एका अंतराळवीराला हातमोज्यावर चीर दिसली म्हणून काम अर्धवट टाकून आत यावे लागले. बाहेरच्या कठड्यांवर बारीक कणांच्या माऱ्याने पडलेल्या खड्ड्यांच्या धारदार कडा त्याला कारण असाव्यात, असा संशय होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये चीनच्या 'शेनझोऊ-२०' यानाच्या खिडकीत बारीक तडे आढळले आणि त्या अंतराळवीरांना दुसऱ्या यानातून परत यावे लागले. आपले शुभांशू शुक्ला जून-जुलै २०२५ मध्ये ज्या स्थानकावर राहिले, तेही याच माऱ्यात फिरते आहे, आणि गगनयानातून आपली माणसे जातील तेव्हा त्यांनाही याच आकड्यांचा हिशेब लागू होईल.

हा कचरा आपोआप साचलेला नाही. ११ जानेवारी २००७ रोजी चीनने 'फेंगयुन-१सी' हा आपलाच निकामी हवामान उपग्रह सुमारे ८६० किलोमीटर उंचीवर क्षेपणास्त्राने फोडला. त्यातून नोंद ठेवण्याजोगे तीन हजारांहून अधिक तुकडे झाले, आणि त्यांतील मोठा भाग अजून वर आहे. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी रशियाने 'कॉसमॉस १४०८' फोडला, तेव्हा स्थानकावरील अंतराळवीरांना आपापल्या परतीच्या यानांत जाऊन दारे लावून बसावे लागले, आणि त्या अंतराळवीरांत रशियाचेही होते. आपल्या देशाने २७ मार्च २०१९ रोजी अशीच चाचणी केली. उंची तीनशे किलोमीटरच्या आसपास निवडल्याने बहुतेक तुकडे काही आठवड्या-महिन्यांत पडले, हे खरे आहे. धक्क्याने काही तुकडे स्थानकाच्या उंचीपेक्षाही वर फेकले गेले आणि ते खाली यायला बराच काळ गेला, हेही तितकेच खरे आहे. देशाची क्षमता पाहून मला त्या दिवशी अभिमान वाटला, पण अशी चाचणी पुन्हा कोणीही, आपणही, करू नये असे माझे ठाम मत आहे.

अपघातही घडतात. डिसेंबर २००१ मध्ये आपल्या पीएसएलव्ही-सी३ चा चौथा टप्पा काम संपल्यानंतर कक्षेत फुटला आणि तीनशेहून अधिक तुकडे झाले. टाकीत उरलेले इंधन आणि दाब हे अशा स्फोटांचे नेहमीचे कारण. त्यानंतरच्या उड्डाणांपासून इस्रोने काम संपल्यावर उरलेले इंधन सोडून देऊन टप्पा निर्धोक करण्याची पद्धत घातली. मी तरुण अभियंत्यांना हा धडा नेहमी सांगत असे, कारण एक साधी झडप उघडी करण्याने जे टळते ते नंतर कोणत्याही ढालीने टळत नाही.

सर्वांत बोलकी घटना १० फेब्रुवारी २००९ची आहे. चालू असलेला 'इरिडियम ३३' आणि निकामी 'कॉसमॉस २२५१' हे दोन उपग्रह सैबेरियावर सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर एकमेकांवर आदळले. उपलब्ध गणितानुसार ते एकमेकांपासून सुमारे ५८४ मीटरवरून जाणार होते, आणि त्या दिवशीच्या धोक्याच्या यादीत ही जोडी सर्वांत वर नव्हती. दोन हजारांच्या आसपास नोंदवण्याजोगे तुकडे झाले. आमच्या कामाची अडचण यात पूर्ण दिसते. अंतराचा आकडा खोटा नव्हता, त्याच्या भोवतीची अनिश्चितता त्या आकड्याहून मोठी होती.

एक रात्र मला आठवते. आमच्या देखरेखीखालील एका भूनिरीक्षण उपग्रहाजवळून एक जुना तुकडा जाणार असल्याचा इशारा तीन दिवस आधी आला. पहिल्या हिशेबात अंतर दोनशे मीटर निघाले, पण त्या हिशेबात किलोमीटरभराची चूक असू शकत होती. उपग्रह हलवावा तर इंधन जाते, म्हणजे त्याच्या आयुष्याचे काही आठवडे जातात. नवी कक्षा दुसऱ्याच एखाद्या तुकड्याच्या वाटेत नाही ना, हेही पुन्हा तपासावे लागते. न हलवावा तर कोट्यवधींचा उपग्रह आणि आणखी हजारो तुकड्यांची जोखीम. आम्ही रडारच्या आणखी एका निरीक्षणासाठी थांबलो. पहाटे तीनला ते आले, अनिश्चितता आकुंचन पावली, अंतर वाढले, आणि आम्ही उपग्रह जागचा हलवला नाही. दुसऱ्या एका वेळी समोरची वस्तू कचरा नव्हता, तो एक चालू उपग्रह होता, आणि त्याच्या चालकांनी दोन दिवस एकाही संदेशाला उत्तर दिले नाही. दोघांनीही एकाच दिशेला उडी मारली तर टक्कर ओढवून घेतल्यासारखे होते, म्हणून त्या दोन दिवसांत आमच्यापैकी कोणी घरी गेले नाही. खालच्या कक्षेत आता हजारो उपग्रहांचे थवे फिरत असताना अशा प्रसंगांसाठी सर्वांना बांधणारा वाहतुकीचा नियम नाही, याची मला मनापासून चिंता वाटते.

१९७८ मध्येच नासाचे डोनाल्ड केसलर आणि बर्टन कूर-पाले यांनी दाखवून दिले होते, की एका मर्यादेनंतर टक्करींतून होणारे तुकडेच पुढच्या टक्करी घडवू लागतील आणि नवीन काही सोडले नाही तरी कचरा वाढत राहील. हे वणव्यासारखे एका रात्रीत होत नाही, त्याला दशके लागतात. चारशे किलोमीटरवरचा कचरा वातावरण काही महिन्यांत किंवा थोड्या वर्षांत खाली ओढते. आठशेवर शतके लागतात, हजारावर त्याहून कितीतरी जास्त. छत्तीस हजार किलोमीटरवर, जिथून इन्सॅट मालिकेचे उपग्रह आपल्याला मान्सूनचे ढग दाखवतात, तिथे हवेचा उपयोगच नाही. म्हणून तेथील उपग्रहांना काम संपताना थोडे आणखी वर, वेगळ्या कक्षेत ढकलून द्यावे लागते. केळीच्या बागेवर गारपीट येणार की नाही हा अंदाज ज्या उपग्रहांवर अवलंबून आहे, त्यांच्या वाटा मोकळ्या राहण्याशी चोपड्याच्या शेतकऱ्याचा संबंध आहे, हे मुलांना जरूर सांगावे.

इस्रोने अलीकडे जे केले त्याने मला समाधान वाटते. मार्च २०२३ मध्ये सुमारे हजार किलो वजनाचा 'मेघा-ट्रॉपिक्स-१' हा उपग्रह उरलेल्या इंधनावर टप्प्याटप्प्याने खाली आणून पॅसिफिकच्या निर्मनुष्य भागावर पाडला. त्या उपग्रहाची रचना अशा उतरवणीसाठी केलेलीच नव्हती, म्हणून ते काम विशेष कठीण होते. पीएसएलव्ही-सी५८ च्या चौथ्या टप्प्याची कक्षा ६५० वरून ३५० किलोमीटरवर आणली गेली, त्यावर काही काळ प्रयोग केले आणि मार्च २०२४ मध्ये तो वातावरणात जळून गेला. २०३० पर्यंत भारतीय मोहिमांतून कक्षेत कचरा राहू नये, हे उद्दिष्ट जाहीर झाले आहे, आणि बेंगळुरूमध्ये याच देखरेखीसाठी स्वतंत्र केंद्र काम करते. जुना कचरा उचलून आणणे मात्र अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे. एका जपानी कंपनीचे यान २०२४ मध्ये एका निकामी रॉकेट टप्प्याच्या पंधरा मीटरपर्यंत जवळ गेले, पण गडगडणाऱ्या, पकडायला कडी-कोयंडा नसलेल्या वस्तूला धरून आणणे याहून पुष्कळ अवघड आहे.

वर्गासाठी एक प्रयोग सुचवतो. थंडीत सूर्यास्तानंतर तासाभराने मुलांना मोकळ्या रानात न्या. एकसारख्या उजेडाने सरकणारा ठिपका बहुधा चालू उपग्रह असतो. एका रेषेत ओळीने जाणारे अनेक ठिपके दिसले तर ते नुकतेच सोडलेले स्टारलिंक उपग्रह, त्यांना घाबरायचे कारण नाही. पण एखादा ठिपका ठरावीक सेकंदांनी उजळताना आणि मंदावताना दिसला, आणि त्याला विमानासारखे लाल-पांढरे दिवे नसतील, तर तो गडगडत फिरणारा मेलेला रॉकेट टप्पा असण्याचा संभव मोठा आहे. दोन उजळण्यांमधले सेकंद मुलांकडून मोजून घ्या आणि तारीख, वेळ, दिशा लिहून मला पाठवा, तो कोणता टप्पा होता आणि कधीपासून वर आहे, ते मी शोधून कळवीन.